चौसष्ट खेचरांचा आवाज

डॉक्टरांच्या हातून आयुष्यात एकच काम असं झालं की ज्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. चौसष्ट खेचरांच्या गळ्यावर त्यांनी एकामागून एक शस्त्रक्रिया केल्या आणि चौसष्टच्या चौसष्ट जगली. एकाच्याही जखमेत पू झाला नाही. वरच्या कचेरीतून शाबासकीचं पत्र आलं. पुढे एकदा बायकोने ते पत्र चौकटीत घालून भिंतीवर लावायचं काढलं, तेव्हा हा कधी आवाज न चढवणारा माणूस तिच्यावर असा खेकसला की तिच्या हातातली हातोडी खाली पडली. दोन दिवस घरात अबोला होता. त्यामागचं कारण तिला कळलं ते फार उशिरा, आणि तेही आधी अर्धंच.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर, आणि तेही लष्करातले. मुळात नालबंदाचा मुलगा. वडिलांचं दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड, एक भट्टी, एक ऐरण आणि जळलेल्या खुराचा वास. तो वास कपड्यांतून शाळेत जायचा आणि पोरं नाक दाबून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकायची. वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण घोडा कुठे दुखतोय ते त्याच्या पोटाला कान लावून सांगायचे. मुलगाही तेच शिकला. पुढे कॉलेजात गळ्यात नळी आली तरी हा आधी उघडा कान लावायचा. मास्तर हसायचे. "नळी थंड असते सर, जनावर दचकतं," एवढंच तो सांगायचा.

माणसांचा डॉक्टर होण्याइतके मार्क होते त्यांना. लग्न ठरवताना सासऱ्यांनी हाच प्रश्न काढला. "मार्क कमी पडले का हो?" "नाही, पडले नाहीत." "मग जनावरं का?" डॉक्टरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "माणसं फार बोलतात." हा किस्सा बायको येईल त्याला ऐकवायची आणि शेवटी म्हणायची, "आणि गाठ पडली माझ्याशी! आता भोगा." डॉक्टर मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या काळात हसायचे.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि युद्ध सुरू झालं. डॉक्टरांची रवानगी डोंगराच्या पायथ्याच्या छावणीत झाली. वर बर्फात चौक्या होत्या आणि चौक्यांपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. दारूगोळा, रॉकेल, पीठ, औषधं, पत्रं, सगळं खेचरांच्या पाठीवरून चढायचं आणि जखमी माणसं खेचरांच्याच पाठीवरून उतरायची. युद्धाच्या बातम्यांत तोफा असतात, विमानं असतात. खेचरांचं नाव कुणी घेत नाही. घ्यावं असं त्यांना वाटतही नसावं. त्यांना वेळेवर दाणा मिळाला आणि खोगिराखालची घडी सरळ असली की बास.

डॉक्टरांचा दिवस पहाटे तबेल्यात सुरू व्हायचा. पत्र्याखाली दोन रांगा, दर खुंट्याला दोन-दोन खेचरं. प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवायचा, खोगिराने कातडं सोललंय का ते बघायचं, चारही खूर उचलायचे, पोटाला कान लावायचा. चौसष्ट पोटं. मग एखाद्याचा दाणा थांबवायचा, एखाद्याला दोन दिवस ओझ्यातून सुटी द्यायची. आणि सुटी दिली की पुरवठ्याचा अधिकारी अंगावर यायचा, "डॉक्टर, लढाई चालू आहे, तुमचं विश्रामगृह नाही." डॉक्टर ऐकून घ्यायचे आणि सुटी तशीच ठेवायचे.

खेचरवाल्यांत एक होता, त्याला सगळे बडबड्या म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच. त्याच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा तो झोपेतही बंद होत नसे, असं त्याचे सोबती शपथेवर सांगायचे. माणसं कंटाळून उठून गेली की तो आपल्या खेचराशी बोलायचा. घरी बायको कशी शिवणकामाच्या कारखान्यात जाते, तिची कात्री किती सरळ चालते, तिने पाठवलेल्या मोज्यांत एक पाय मोठा आणि एक लहान कसा निघाला, सगळं. त्याच्या खेचराचं नाव मावशी. हे नावही त्यानेच ठेवलेलं. ती ओरडायची तेव्हा आधी दोन-चार लांब सुस्कारे टाकायची आणि मग लग्नात मानपान न मिळालेल्या मावशीसारखा असा गळा काढायची की अख्खी छावणी उठून बसायची. घड्याळाची गरजच नव्हती.

मग एके दिवशी वरच्या वाटेवर तांडा जात असताना एक खेचर ओरडलं. पलीकडच्या डोंगरावर शत्रू बसलेला. त्याने आवाजाच्या अंदाजाने तोफ डागली. चार माणसं आणि नऊ जनावरं गेली. आठवड्याने त्यांच्या जागी नऊ नवी खेचरं आली आणि त्यांच्यापाठोपाठ हुकूम आला की सगळ्या खेचरांचा आवाज बंद करावा.

हुकूम वेडगळ असता तर डॉक्टर भांडले असते. पण त्या चार माणसांचे तुकडे गोळा होताना त्यांनी पाहिले होते. शस्त्रक्रिया त्यांना ठाऊक होती. क्लोरोफॉर्म देऊन खेचराला कुशीवर पाडायचं, मान ताणायची, जबड्याच्या मागे गळ्याच्या मधोमध बोटभर सरळ चीर घ्यायची आणि आतले स्वरतंतू काढून टाकायचे. जखम टाके न घालता आपली आपण भरू द्यायची. रोज तीन-चार, असे अठरा दिवस. डॉक्टर स्वतः प्रत्येक खेचराजवळ ते शुद्धीवर येईपर्यंत बसून राहायचे.

बडबड्याने मावशीचा नंबर शेवटी लावून घेतला. त्या सकाळी तो डॉक्टरांच्या समोर येऊन उभा राहिला.

"साहेब, चौसष्टातली एक राहिली तर कुणाला कळणार आहे?"

"अरे, हिचाच आवाज सगळ्यांत मोठा."

"म्हणून तर म्हणतो. एवढा चांगला आवाज वाया घालवायचा?"

"आणि वर जाऊन हिने गळा काढला म्हणजे? तू मरशील, बाबा."

बडबड्याने टोपी काढून खिशात कोंबली. मग म्हणाला, "बरं, मग डोकं मी धरतो." त्याने मावशीचं डोकं मांडीवर घेतलं आणि क्लोरोफॉर्मचा बोळा नाकाशी असेपर्यंत तिच्या कानात काहीबाही सांगत राहिला. शुद्धीवर आल्यावर ती धडपडत उठली, मान लांब केली, तोंड उघडलं. बरगड्या भात्यासारख्या हलल्या आणि गळ्यातून नुसती हवा आली. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. बडबड्याने तोंड फिरवलं. नंतर बाहीने डोळे पुसत म्हणाला, "चला, आता दोघांचं बोलायचं काम मी एकट्याने करायचं." डॉक्टर हसले आणि हत्यारं उकळायला घेऊन गेले.

तबेला शांत झाला. पहिले काही दिवस ती शांतता अंगावर यायची. मग तिची सवय झाली, आणि घात झाला तो तिथेच.

हिवाळ्याच्या मध्याला एका दुपारी तांडा वरून रिकामा उतरत होता. धुकं एवढं की पुढच्या खेचराची शेपटी दिसेना. खाली आल्यावर मोजणी झाली, तेव्हा एक माणूस आणि एक खेचर कमी. बडबड्या आणि मावशी. त्या संध्याकाळी वर जाणं शक्य नव्हतं. सकाळी धुकं तसंच होतं, पण डॉक्टर चार माणसं घेऊन निघाले. जनावर हरवलं की शोधायला डॉक्टरांनी जायचं असा काही नियम नव्हता. तो त्यांचाच हट्ट.

जनावर शोधायची त्यांची एक रीत होती, आणि ती त्यांनीच बसवलेली होती. हरवलेल्या खेचराचा खुंट्यावरचा जोडीदार बरोबर न्यायचा. दोन खेचरं वर्षानुवर्षं शेजारी दाणा खातात, एकमेकांचा वास त्यांना कोसावरून कळतो. जोडीदार हाक मारतो, हरवलेलं उत्तर देतं. प्रत्येक वळणावर थांबायचं, सगळ्यांनी श्वास रोखायचा, पाच मिनिटं कान द्यायचा. उत्तर आलं नाही तर पुढचं वळण. प्रशिक्षण केंद्रात त्यांनी हे इतक्या तुकड्यांना शिकवलं होतं की त्या सकाळी तोंडातून आपोआपच निघालं, "तिच्या जोडीदाराला घ्या."

घेतलं. माणसांनी ओरडायला बंदी होती, पलीकडे शत्रू होता. म्हणून कानांवरच सगळी भिस्त. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. थांबले, ऐकलं, काही नाही, पुढे. चौथ्या वळणावर जोडीदार अडून बसला. चारही पाय रोवले, मान दरीकडे लांब केली, तोंड उघडलं. डॉक्टरांनी पाच मिनिटं कान दिला. वारा होता, बाकी काही नाही. जोडीदार हलेना. तेव्हा डॉक्टरांनी स्वतः दोर धरला आणि ओढला. "चल रे राजा, अडून बसू नकोस, उशीर होतोय." त्याला ओढत पुढे नेलं. आणखी सहा वळणं झाली आणि दिवस संपला.

संध्याकाळी तबेल्यात जोडीदार दाण्याला तोंड लावेना. डॉक्टर त्याच्या पोटाला कान लावायला वाकले, तेव्हा त्या पोटाचा भाता झाला. मान डोंगराकडे, तोंड उघडं, बरगड्या आत-बाहेर. आवाज नाही. डॉक्टर वाकलेले होते तसेच राहिले. ज्यांचा आवाज आपण आपल्या हातांनी काढून घेतला, त्यांच्या हाकेची आपण दिवसभर वाट पाहिली, हे त्यांना तेव्हा उमगलं. चौथ्या वळणावर हे जनावर अडून बसलं नव्हतं. हाका मारत होतं. खालून कुणी उत्तर देत असेल तर तेही असंच देत असणार.

ते धावत कमांडरकडे गेले. कमांडर वाईट माणूस नव्हता. "या धुक्यात, अंधारात कुणाला पाठवू, डॉक्टर? दिवे लावता येत नाहीत." डॉक्टर म्हणाले, "मी एकटा जातो." तो म्हणाला, "मग उद्या दोघांना शोधावं लागेल." ते खरंच होतं, म्हणून डॉक्टरांना त्याच्यावर रागावताही येईना.

उजाडायच्या आत ते निघाले. धुकं उठत होतं. चौथ्या वळणाच्या बरोबर खाली, दरीच्या एका कपारीत, मावशी उभी होती. तिचा एक गुडघा फुटला होता, नाकपुड्यांवर रक्ताचा फेस गोठला होता. ओरडायचा प्रयत्न करून करून गळ्यातली जुनी जखम आतून फाटली होती. बडबड्या तिच्या पुढच्या पायांपाशी होता. त्याच्या फासळ्या मोडून छातीत घुसल्या होत्या. ओरडायला जो श्वास लागतो तो त्याच्याकडे उरला नव्हता. तरी त्याने चाकूने पट्टे कापून तिच्या पाठीवरचं खोगीर उतरवलं होतं, घोंगडी ओढून घेतली होती.

डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला. हात थंड होता, पण अंग अजून पुरतं ताठलं नव्हतं. मग त्यांची नजर आपोआप जमिनीवर गेली, कारण नजरेला तीच सवय. लिदीचे ढीग किती, कुठला गोठलेला, कुठला ओला. दाण्याची पिशवी रिकामी होती. पहिल्या दिवसाचा दाणा आणि दुसऱ्या दिवसाचाही. कुणीतरी ओंजळीने भरवला होता. म्हणजे काल दिवसभर बडबड्या जिवंत होता. आपण वर दोर ओढत होतो तेव्हा जिवंत होता. हे वाचायला डॉक्टरांना कुणाच्या मदतीची गरज नव्हती, आणि बरोबरच्या चौघांना ते वाचता येत नव्हतं. अहवालात 'धुक्यामुळे' असं लिहिलं गेलं. डॉक्टरांनी त्याखाली सही केली.

बडबड्याच्या बायकोला पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. चार कागद फाडल्यावर पाचव्यावर लिहिलं की, तुमच्या यजमानांना क्षणात मरण आलं, त्यांना काही कळलंसुद्धा नाही.

युद्ध संपलं. निकामी जनावरांना गोळी घालायचा हुकूम निघाला आणि लंगड्या मावशीचा नंबर त्यात आला. डॉक्टरांनी अर्जावर अर्ज केले, वरच्या लोकांच्या नाकी नऊ आणले आणि शेवटी तिला मागून घेतलं. काही वर्षांनी नोकरी सोडून ते आपल्या जुन्या गावाच्या कडेला राहायला आले. पुढे दोन खोल्यांचा दवाखाना, मागे राहायचं घर, अंगण, आणि अंगणात मावशीसाठी शेड. गावातले लोक कुत्री, शेळ्या, गाई घेऊन यायचे आणि जाताना बायकोला विचारायचे, "तुमच्याकडे ते खेचर कशाला हो?" ती म्हणायची, "सासूबाई नाहीत ना, म्हणून यांनी मावशी आणून ठेवलीय."

आणि एका रविवारी दारात एक बाई उभी राहिली. कडक इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी, बोटांना सुयांचे घट्टे. "मी त्यांची बायको," ती म्हणाली. कुणाची ते सांगायची गरज पडली नाही. मावशी जिवंत आहे असं छावणीतल्या कुणीतरी तिला कळवलं होतं. बसने दोन तासांवर राहायची, अजून त्याच कारखान्यात शिवायची. पिशवीतून तिने चार गाजरं काढली. शेडमध्ये जाऊन मावशीच्या गळ्यात पडून ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "भाऊ, ही ओरडत कशी नाही? त्यांच्या प्रत्येक पत्रात हिचं ओरडणं असायचं."

डॉक्टर म्हणाले, "वय झालं की गप्प होतात, ताई."

मावशी तेव्हा ऐन उमेदीत होती. बायको दाराआड उभी होती, तिने ऐकलं. त्या रात्री तिने शस्त्रक्रियेची गोष्ट त्यांच्याकडून काढून घेतली. "एवढंच ना? मग सांगून टाका की त्यांना. हुकूम होता." डॉक्टर म्हणाले, "सांगेन." चौथ्या वळणाचं त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

ताई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊ लागल्या. गाजरं आणायच्या, मावशीच्या पायाशी पाट घेऊन बसायच्या आणि महिनाभराचं सगळं तिला सांगायच्या. कारखान्यातली नवी मुकादम कशी नाक वर करून चालते, पाठ कशी दुखते. दुपारी डॉक्टरांच्या घरी जेवायच्या. बायकोशी त्यांचं मेतकूट जमलं. दोघी मिळून डॉक्टरांची टर उडवायच्या, "भाऊ, दोन शब्द बोला की, आज रविवार आहे." मूलबाळ ना यांना ना त्यांना. बघता बघता ते घर तिघांचं झालं. डॉक्टर आजारी पडले तर ताई रजा टाकून यायच्या. जेवताना एकदा त्या सहज म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या त्या पत्राने मला वाचवलं. क्षणात गेले, कळलंसुद्धा नाही, एवढ्या एका वाक्यावर मी उभी राहिले." डॉक्टर ताट बाजूला सारून हात धुवायला उठले.

आणि मावशीचा गळा खाजवायची ताईंची सवय. त्यांचा हात जबड्याखाली गेला की डॉक्टरांचा जीव वर यायचा. तिथे बोटभर जागेवर केस उगवलेच नव्हते. ताईंनी एकदा विचारलं होतं, "हे काय?" डॉक्टर म्हणाले होते, "दोर घासून झालंय." ताईंना खरं कळलं तर त्या जातील, घरातून आणि आपल्या आयुष्यातूनही, आणि आपल्याला 'भाऊ' म्हणणारं जगात कुणी उरणार नाही, ही धास्ती घेऊन माणसाने चौदा वर्षं काढली.

मावशी खूप म्हातारी झाली. दात गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आले, आणि एका गुरुवारी ती बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी पोटाला कान लावला आणि त्यांना समजलं. इंजेक्शन तेव्हाच द्यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं जनावर असतं तर दिलंही असतं. पण रविवारला तीन दिवस होते. त्यांनी कारखान्यात निरोप पाठवला आणि ताई शुक्रवारी सकाळीच आल्या.

त्यांनी मावशीचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी सुई लावली. फार वेळ लागला नाही. एक लांब श्वास, आणि मग पोट हललं नाही. बायको दारात उभी राहून रडत होती. ताई रडत नव्हत्या. त्यांचा हात अजून मावशीच्या गळ्यावर होता, आणि बोट त्या केस नसलेल्या जागेवरून एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फिरलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी कापड कापतेय. घासल्याची रेघ आणि कापल्याची रेघ मला वेगळी कळते. ती जिवंत होती तोवर विचारलं नाही. आता सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. ती तोफ, ती चार माणसं, हुकूम, अठरा दिवस. बडबड्याने डोकं कसं धरलं ते. ताई ऐकत राहिल्या. मग त्यांनी दुसरा हात पुढे करून डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

"एवढं मनात ठेवून बसलात? हुकूम होता, भाऊ. तुम्ही काय करणार होतात?"

बायकोने सुस्कारा सोडला. तिला वाटलं, सुटले एकदाचे. आणि इथे थांबले असते तर खरंच सुटले असते. रविवार चालू राहिले असते. पण ताई पुढे बोलल्या, "बरं झालं ते क्षणात गेले. नाहीतर ही बिचारी हाका मारायला बघत असती आणि ते तिच्याकडे बघत पडले असते. तेवढं तरी देवाने टाळलं."

ते टळलं नव्हतं. नेमकं तेच झालं होतं. डॉक्टरांना तो हात आपल्या हातावर सोसवेना. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. जोडीदाराला नेलं ते, चौथं वळण, ओढलेला दोर, संध्याकाळचा तबेला, रिकामी पिशवी. बोलताना ते मावशीकडेच बघत होते.

ताईंनी आरडाओरड केली नाही. गिऱ्हाईकाचं माप घेताना विचारावं तसं एकेक विचारलं.

"म्हणजे दुसऱ्या दिवशी होते?"

"होते."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा. पहाटे गेले असावेत."

"तुम्ही वर उभे होतात तिथून किती लांब?"

"ऐंशी पावलं. उतरताना मी मोजली."

ताईंनी मावशीचं डोकं दोन्ही हातांनी उचलून हळूच पेंढ्यावर ठेवलं. उठल्या, साडीला लागलेला पेंढा झटकला. "ऐंशी म्हणजे किती?" असं स्वतःशीच म्हणत त्या शेडच्या दारातून चालू लागल्या. ओठ हलत होते. अंगण ओलांडलं, दवाखान्याच्या भिंतीच्या कडेने सरळ गेल्या, फाटकाची कडी काढली. बायको म्हणाली, "अहो, त्यांना थांबवा ना." डॉक्टर जागचे हलले नाहीत. फाटकाबाहेर रस्ता होता, रस्त्यापलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यापुढे पाण्याचा नळ. ताई नळाच्या थोड्या अलीकडे थांबल्या आणि वळल्या. सकाळची वेळ, दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं, नळावर दोन बायका बोलत होत्या.

त्यांनी तोंडाशी हात नेला नाही, आवाज चढवला नाही. घरात बोलतात तशाच बोलल्या.

"डॉक्टर, ऐकू येतंय का?"

चौदा वर्षांत त्यांनी डॉक्टर म्हणून कधी हाक मारली नव्हती.

"येतंय," डॉक्टर म्हणाले.

ताई थोडा वेळ तिथे उभ्या राहिल्या. शेडकडे बघितलं, पायाखालच्या रस्त्याकडे बघितलं.

"एवढ्यावर होते ते," त्या म्हणाल्या. तेही स्पष्ट ऐकू आलं. मग त्या वळल्या आणि बसथांब्याकडे चालू लागल्या.